गोधडीचा आतला थर

गोधडी, वाकळ, लेप, दुलई किंवा रजई, नाव कोणतेही असो, तिचे तीन भाग असतात: वरचे कापड, खालचे अस्तर आणि या दोहोंच्या मधला थर. डोळ्यांना दिसतो तो पहिला भाग. पण पांघरूण किती ऊब देईल, अंगावर कसे पडेल, किती जड होईल, टाके किती जवळ घालावे लागतील, ते धुता येईल की नाही आणि किती वर्षे टिकेल, हे सगळे मधल्या थरावर ठरते. जुन्या वळणाची गोधडी नव्याने शिवू पाहणारे बहुतेक लोक रंग, ठिगळे आणि नक्षी यांचा बारकाईने विचार करतात आणि आतल्या थरासाठी बाजारात सहज मिळणारे पॉलिएस्टरचे भरण घेतात. मग ठिगळे जुन्यासारखी असूनही गोधडी फुगीर दिसते, टाक्यांच्या रांगा खोल खड्ड्यांत बुडतात आणि अंगावर घेतली की ती घसरते. नक्कल फसते ती आतून.

कापूस असो वा लोकर, कोणताही तंतू स्वतः उष्णता तयार करत नाही. तंतूंच्या गुंत्यात हवा अडकून स्थिर राहते आणि ती स्थिर हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून भरण निवडताना पाहायचे ते एवढेच, की तंतू किती हवा धरतो आणि दाबला गेल्यावर ती जागा पुन्हा मोकळी करतो का. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, तो दाबून सोडला की उसळून वर येतो. कापसाचा तंतू चपटा आणि पिळलेला असतो. तो वापराने हळूहळू दबत जातो आणि पुन्हा पिंजल्यावर मोकळा होतो. सावरीचा तंतू आतून पोकळ, मेणचट आणि गुळगुळीत. रेशमाचा लांब आणि सलग. कापडाच्या थरांत हवा अडकते ती दोन थरांमधल्या फटीत, त्यामुळे तिथे थरांची संख्या महत्त्वाची ठरते.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यातील गणेशगुडी हे काळी नदीकाठचे गाव. सुपा धरण इथेच आहे. चारी बाजूंना सह्याद्रीचे दाट जंगल, पावसाळा लांब आणि जोराचा. कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणले जाणारे कॅसल रॉक याच तालुक्यात येते. हिवाळ्यात रात्री गारठा पडतो, पण कडाक्याची थंडी नसते. अशा ठिकाणी पांघरुणाकडून वेगळ्या अपेक्षा असतात. ते ओलाव्यात कुबट होऊ नये, उन्हात लवकर सुकावे, धुता यावे आणि चुलीच्या धुरात-ठिणग्यांत टिकावे. या मुलखातले पारंपरिक पांघरूण या सगळ्या अटी पूर्ण करते, आणि त्यात कापूस भरलेला नसतो.

जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि अंकोला या तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. हे लोक मूळचे पूर्व आफ्रिकेतले. त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि तिथून निसटून त्यांनी घाटावरच्या जंगलाचा आसरा घेतला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरात कोकणी बोलली जाते, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली असते. २००३ साली या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. उत्तर कर्नाटकात कौदी हा शब्द चालतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रुअल यांनी या गोधड्यांचा अभ्यास केला, २००४ मध्ये सिद्दी बायकांची गोधडी-सहकारी संस्था उभी करायला हातभार लावला आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. त्यानंतर कवंदीची नक्कल करण्याची हौस जगभर पसरली, आणि तिच्यासोबत आत काय भरायचे हा प्रश्नही.

कवंदीची बांधणीच अशी आहे, की तिच्यात वेगळ्या भरणाला जागा नाही. तळाला एक जुनी साडी पसरतात. तिच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने जुन्या कपड्यांचे तुकडे, कडा आत दुमडून, धावदोऱ्याने शिवत जातात. एक फेरी पूर्ण झाली की तिला लागून आतली दुसरी फेरी, असे करत शिवण मध्यभागी येऊन संपते. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुले म्हणतात. ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. तुकडे एकमेकांवर थोडे चढवून लावलेले असतात, कुठे खाली आणखी जुने कापड सरकवलेले असते. म्हणून कवंदीची जाडी सगळीकडे सारखी नसते. तिची ऊब येते ती या चढलेल्या थरांतून आणि अतिशय दाट टाक्यांतून. दोन रांगांमधले अंतर बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी असते, त्यामुळे कापडाचे छोटे छोटे कप्पे तयार होतात आणि प्रत्येकात थोडी हवा बंद होते.

अशा गोधडीत पिंजलेला कापूस किंवा तयार भरणाचा थर घातला तर दोन गोष्टी बिघडतात. सुई इतक्या दाट टाक्यांसाठी जाड थरातून पुन्हा पुन्हा न्यावी लागते, हात दुखतो आणि टाके आपोआप लांब होतात. दुसरे म्हणजे कडेकडून आत येणारी शिवण सैल थराला मध्याकडे ढकलत नेते, आणि शेवटी मधोमध फुगवटा उरतो. कवंदी करायची तर आतला थर कापडाचाच हवा. गरिबीमुळे नाइलाजाने कापूस टाळला, असे याकडे पाहणे अन्यायाचे आहे. ही एक पुरती विचार केलेली रचना आहे, आणि ओल्या हवेच्या प्रदेशात ती कापूस भरलेल्या लेपापेक्षा सरस ठरते: ती नदीवर नेऊन आपटून धुता येते, दगडावर वाळवता येते आणि फाटली की वरून आणखी एक तुकडा लावता येतो.

महाराष्ट्रातल्या गोधडीचे आणि वाकळेचेही असेच आहे. नऊवारी लुगडी, धोतरे, पंचे, जुन्या चादरी यांचे थर एकावर एक पसरून त्यांना धावदोरा घालायचा, ही तिची रीत. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर, तर पॅट्रिक फिन यांनी ‘क्विल्ट्स ऑफ इंडिया’ या २०१४ च्या ग्रंथात एकूणच भारतीय गोधड्यांवर काम केले आहे. तिथली चित्रे पाहिली की लक्षात येते, की भारताच्या फार मोठ्या भागात गोधडीचे मूळ भरण म्हणजे जुने सुती कापडच.

कापडाचा थर निवडतानाही निवड लागते. पुष्कळदा धुतलेले सुती कापड सर्वांत चांगले. त्यातली खळ निघून गेलेली असते, आकसायचे ते आकसून झालेले असते आणि सूत मऊ पडलेले असते, त्यामुळे सुई सहज जाते. कापड उजेडासमोर धरून पाहावे. विरळ झालेले चालते, कारण दाट टाके त्याला सांभाळून घेतात. पण हाताने हलके ओढताच फाटणारे कापड आत घालू नये, ते काही महिन्यांत भुगा होऊन एका बाजूला गोळा होते. नवे कापड घालायचे असेल तर आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढावी आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहावे. लाल आणि गडद निळ्या रंगांच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये. आतला रंग पहिल्याच धुण्यात वरच्या फिकट ठिगळांवर उतरतो आणि मग तो निघत नाही.

घरोघरच्या जुन्या साड्या आता बहुतेक सिंथेटिक असतात, ही आजची खरी अडचण आहे. त्यांचे थर एकमेकांवर घसरतात, ओलावा शोषत नाहीत आणि ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात. सुती कापड कापडाला धरून राहते. हा साधा गुणच गोधडी टिकवतो. कापड कशाचे आहे अशी शंका आली तर एक दोरा काढून जाळून पाहावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात आणि ज्योत दूर केली की विझत जातात. पॉलिएस्टर आक्रसते आणि टोकाला कडक मणी तयार होतो.

किती कापड लागेल याचा हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडे जास्त रुंद असते, म्हणजे नऊ चौरस मीटरच्या आसपास. एका माणसाची गोधडी १.४ मीटर रुंद आणि २.१ मीटर लांब धरली तर तिचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटरच्या जवळ येते. एका लुगड्यातून तीन थर निघतात. मध्यम जाडीच्या कापडाचा एक थर सुमारे ३०० ग्रॅम भरतो. वरचे कापड आणि अस्तर धरून सहा थरांची गोधडी पावणेदोन-दोन किलोंची होते. गणेशगुडीच्या हिवाळ्याला एवढी पुरते. पावसाळ्यात वापरायची असेल तर चार थरांची करावी, म्हणजे ती ढगाळ दिवसांतही वाळते.

लेप ही मात्र वेगळी वस्तू आहे आणि तिचे भरण कापूसच. लेपाला खोळ असते, तिच्यात पिंजलेला कापूस पसरून टाके घालतात. जुन्या वळणाचा लेप करायचा तर कापूस कोणता, हा प्रश्न पहिला येतो, आणि उत्तर कन्नडपुरते त्याचे उत्तर घाटापलीकडच्या धारवाडच्या काळ्या जमिनीत सापडते. एकोणिसाव्या शतकात धारवाडकडचा देशी कापूस घाट उतरून किनाऱ्यावरच्या कुमठा बंदरात येई आणि गलबतांतून मुंबईला जाई. त्यामुळे व्यापारात त्या कापसाचे नावच कुमठा पडले. १८६२ मध्ये उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला, धारवाडच्या कापसाला मागणी आली आणि कारवार बंदराकडे जाणाऱ्या घाटरस्त्यांना महत्त्व चढले.

हा कुमठा कापूस आखूड धाग्याचा, पण दणकट. धारवाड भागात त्याची सरकी काढण्याची एक जुनी रीत होती: बाई बसकणावर बसून सपाट दगडावर ठेवलेला लोखंडी गज पायांनी मागेपुढे फिरवी, कापूस एका बाजूला येई आणि सरकी न फुटता दुसऱ्या बाजूला पडे. काम संथ, पण तंतू तुटत नसे. इंग्रजांनी त्याच भागात अमेरिकन बियाणे रुजवले, तेव्हा त्याची सरकी तंतूला इतकी घट्ट चिकटलेली निघाली की या गजाने ती सुटेना; मग करवती दातांची यंत्रे आली. ती जलद होती, पण तंतूही तोडत आणि सरकीही फोडत.

सरकीच्या या फुटक्या कणांशी गोधडीच्या इतिहासाचा एक गैरसमज जोडलेला आहे. एली व्हिटनीला कापूस सरकीपासून वेगळा करणाऱ्या यंत्राचे एकस्व १७९४ मध्ये मिळाले. जुनी अमेरिकन गोधडी उजेडासमोर धरली आणि आतल्या कापसात काळे ठिपके दिसले, की ती त्या यंत्राच्या आधीची, असे अनेक वर्षे सांगितले जाई. ते चूक आहे. यंत्राने काढलेल्या स्वस्त कापसातही सरकीचे कण राहतात, आणि घरी स्वच्छ निवडलेल्या जुन्या कापसात एकही नसतो. ठिपक्यांवरून कापसाची प्रत कळते, वय कळत नाही. तेव्हा जुनेपणा आणायचा म्हणून मुद्दाम कचरट कापूस घेणे व्यर्थ. उलट सरकीचे कण तेलकट असतात, ओलाव्यात त्यांचे पिवळे-तपकिरी डाग पांढऱ्या कापडावर उमटतात आणि उंदीरही त्यांच्या वासाने येतात.

आज बाजारात येणारा बहुतेक कापूस अमेरिकन जातीच्या संकरित वाणांचा. २००२ नंतर त्यात बीटी वाणांची भर पडली. सूत कातण्यासाठी हा मध्यम-लांब, बारीक तंतू उत्तम, पण भरणासाठी नाही. बारीक तंतू मऊ असतो आणि लवकर दबून बसतो. देशी कापसाचा तंतू जाड आणि ताठ असतो, तो दाबाला टक्कर देतो. बाजारात तंतूची जाडी मायक्रोनेअरमध्ये सांगतात: अमेरिकन वाणांत हा आकडा साधारण ३.५ ते ४.९, तर जाड देशी वाणांत तो ५ च्या पुढे जातो. गिरणीवाला ज्याला दोष म्हणतो तो लेपासाठी गुण आहे. धारवाडच्या बाजूला जयधर नावाचे देशी वाण आहे. कुमठ्याच्या कुळातला कापूस हवा असेल तर हुबळी-धारवाडकडे त्याची चौकशी करावी. तो न मिळाल्यास कोणताही आखूड धाग्याचा देशी कापूस घ्यावा.

गादीवाल्यांकडे कापूस म्हणून जे मिळते त्यात गिरणीचा टाकाऊ कापूस आणि जुन्या कपड्यांच्या यंत्राने पिंजलेल्या चिंध्याही मिसळलेल्या असतात. ओळखायला पुंजका दोन्ही हातांनी हळूहळू ओढावा. चांगल्या कापसाचे तंतू एकमेकांना धरून लांब होत सुटतात. चिंध्यांचा पुंजका तुटतो, धूळ उडते आणि त्यात रंगीत दोरे दिसतात.

कापूस पिंजणे ही लेपाच्या यशाची अर्धी बाजू. नदाफ आणि पिंजारी यांचा हा पिढीजात धंदा. तात लावलेले लांब पिंजण टांगून ते लाकडी मुठीने वाजवत कापसात धरतात. तातीच्या थरथराटाने कापसाच्या गाठी सुटतात, धूळ खाली पडते आणि तंतू मोकळे होऊन हवा धरतात. जयपूरच्या हलक्या रजयांची कीर्ती याच कौशल्यावर उभी आहे; काही शे ग्रॅम कापूस पुन्हा पुन्हा पिंजून त्याचा इतका एकसारखा थर केला जातो, की रजई हातात घेतली तर पातळ वाटते आणि पांघरली की ऊब देते. हाताचे पिंजण आता क्वचित दिसते. यंत्रावर पिंजलेला कापूस वापरायला हरकत नाही, मात्र तो दोनदा फिरवून घ्यावा आणि त्याच आठवड्यात भरावा. पोत्यात कोंबून ठेवला की तो पुन्हा बसतो.

भरण्याची जुनी पद्धत अशी: खोळ उलटी करून पसरायची, तिच्यावर कापसाचा सारखा थर लावायचा, मग एका टोकाकडून सगळे वळकटीसारखे गुंडाळत न्यायचे आणि उघड्या तोंडातून खोळ सुलटी करायची. कापूस आपोआप आत जातो. त्यावर काठीने हलके मारून कुठे जाड, कुठे पातळ झाला असेल तो सारखा करतात आणि लगेच टाके घालतात. एका माणसाच्या लेपाला दोन-अडीच किलो कापूस लागतो. दोन टाक्यांमधले अंतर हा इथला महत्त्वाचा मुद्दा. सैल कापसाला स्वतःची बांधणी नसते. रांगा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवल्या तर तो वापराने सरकतो आणि गोळे होतात. सुईने ठोकून एकजीव केलेले आजचे तयार सुती भरण मात्र वीस सेंटिमीटर अंतरावरही जागचे हलत नाही. म्हणून जुन्या लेपावरची दाट शिवण केवळ नक्षी नव्हती, ती कापसाला जखडण्यासाठी लागत होती. नव्या भरणावर विरळ शिवण केली तर लेप टिकेल, पण जुना दिसणार नाही.

जुन्या गोधड्यांवर बारीक सुरकुत्यांची जी जाळी दिसते ती आकसण्यातून आलेली असते. ती हवी असेल तर तयार सुती भरण न धुता घालावे आणि शिवून झाल्यावर कोमट पाण्यातून काढावे. नको असेल तर भरण आधीच भिजवून, न पिळता वाळवावे. पिंजलेल्या कापसाचा लेप मात्र धुवायचा नसतोच. त्याची खोळ उसवून धुतात आणि कापूस पुन्हा पिंजतात.

लोकरीचा विचार थंड प्रदेशांसाठी होतो. वेल्समधल्या जुन्या गोधड्यांत लोकर भरलेली असे, कारण ती मेंढपाळांच्या मुलखात घरचीच होती. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि ती सहजासहजी पेट घेत नाही. चुलीजवळ झोपणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते. तिची टोके पातळ कापडातून बाहेर येऊन टोचतात, आणि घाटावरच्या दमट घरांत कसर लागण्याची भीती कायम राहते. इथे लोकर सुटी भरण्यापेक्षा जुनी, मऊ पडलेली कांबळी सबंध आत घालणे शहाणपणाचे. तिच्या दोन्ही बाजूंना दाट विणीचे मांजरपाट लावले की टोचणे थांबते.

जोयड्याच्या जंगलात भरपूर असलेली काटेसावर पाहून तिचा कापूस गोधडीत घालावा असे कोणालाही वाटेल. फेब्रुवारीच्या सुमारास लाल फुलांनी भरणाऱ्या या झाडाची बोंडे एप्रिल-मेमध्ये उलतात. ती फुटण्याच्या बेतात असताना उतरवली तरच कापूस हाती लागतो, नाहीतर वाऱ्यावर जातो. तंतू पोकळ आणि मेणचट असल्यामुळे तो अतिशय हलका आणि पाण्याला दूर ठेवणारा. तिच्याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस पूर्वी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत, तो याच गुणामुळे. उशीसाठी सावरीसारखे भरण नाही. गोधडीत मात्र ती फसवते: गुळगुळीत तंतू एकमेकांना धरत नाहीत, कोपऱ्यात जमतात, घडी पडते तिथे तुटून भुगा होतात आणि विणीतून बाहेर येतात. शिवाय ती भडकन पेटते. रुईच्या बोंडातल्या रेशमासारख्या तंतूचे दोष हेच, आणि ती गोळा करताना झाडाचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

रेशीम भरलेली पांघरुणे चीन-जपानमध्ये घडली. कोश उकलून त्याचे जाळीसारखे थर ताणून एकावर एक ठेवतात. लांब तंतूंमुळे ते सरकत नाहीत आणि फार कमी टाके पुरतात. वजन अगदी थोडे, किंमत भरपूर. इकडच्या जुन्या वळणाशी त्याचे नाते नाही, म्हणून ऐतिहासिक नक्कल हा हेतू असेल तर ते बाजूला ठेवावे.

गोव्याशी जोडलेली एक परंपरा मात्र या भागातल्या कारागिराने जरूर पाहावी. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी बंगालमधील सातगाव भागातून पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने भरतकाम केलेली पांघरुणे नेत. त्यांना ते कोल्चा म्हणत. लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत ती आजही आहेत. त्यांच्यावर शिकारी, जहाजे, बायबलमधल्या कथा यांची इतकी बारीक शिवण आहे, की जाड थर तिला चाललाच नसता. असे काही करायचे तर आत मलमलीचे दोन थर किंवा अतिशय पातळ पिंजलेला कापूस, यापलीकडे जाऊ नये. आणि कापूस पांढरा हवा, कारण न धुतलेल्या कापसाची पिवळट छटा पातळ पांढऱ्या कापडातून दिसते. याच्या उलट टोकाला चौदाव्या शतकातली सिसिलीची ट्रिस्टन गोधडी उभी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तिचा एक भाग आहे. तिच्यात आकृत्यांच्या कडा शिवून घेतल्या आहेत आणि मागून त्या आकृत्यांतच कापूस ठासून त्या उठावदार केल्या आहेत. म्हणजे भरण सलग थराचेच असले पाहिजे असेही नाही.

ज्या काळातली, ज्या मुलखातली गोधडी करायची तिच्या आत काय होते ते आधी शोधावे, आणि मगच टाक्यांचे अंतर, दोऱ्याची जाडी व वरचे कापड ठरवावे. शंका असेल तर एक वीतभर चौकोन शिवून तो तीनदा धुवावा. पुढे गोधडीचे काय होणार ते त्या चौकोनात दिसते. तंतू विणीतून बाहेर येत असतील तर अधिक दाट कापड घ्यावे. गोळे झाले तर रांगा जवळ आणाव्यात. सुई अडत असेल तर एक थर कमी करावा.

गणेशगुडीसारख्या ओल्या गावात शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. मार्च ते मे या काळात कापड आणि कापूस दोन्ही पूर्ण कोरडे असतात. पावसाळ्यात भरलेला कापूस आत ओल धरून बसतो आणि त्याला बुरशी येते. कापडाची गोधडी मेच्या अखेरीस धुऊन, दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवून ठेवावी. लेप न धुता नुसते ऊन द्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यापेक्षा सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर, चुलीची ऊब पोहोचेल अशा ठिकाणी ठेवणे बरे. सोबत वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकावा. पावसाळ्यात मधे कधी उघडीप मिळाली तर घडी मोडून नव्या जागी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर सूत तुटत नाही. दसऱ्यानंतर स्वच्छ ऊन पडले की पुन्हा एकदा वाळवून मगच वापरायला काढावी. लेपाचा कापूस तीन-चार वर्षांनी, दाबल्यावर वर येईनासा झाला की, पिंजून घ्यावा; दर पिंजणीत धूळ आणि तुटके तंतू निघून जातात, तेव्हा पाव किलोच्या आसपास नवा कापूस त्यात मिसळावा लागतो.